दुसरा सर्व्हर आला, आता बॅकअप बंद करायचा का?

विचारणाऱ्यांनी दिलेली माहिती आधी थोडक्यात. लातूरची पतसंस्था, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून १४ शाखा. मुख्य कार्यालयात एकच सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, आणि सगळ्या शाखा थेट त्याच डेटाबेसवर चालतात. डे-एंडनंतर रोज डम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, निघतो आणि त्याच खोलीतल्या हार्ड डिस्कवर पडतो. विक्रेता म्हणतो, पुण्यात दुसरा सर्व्हर घ्या, 'रिअल टाइम सिंक' लावून देतो, एकही एंट्री जाणार नाही. संचालक मंडळ विचारतं, दुसरा सर्व्हर आला की रोजचा बॅकअप बंद करून तेवढा खर्च वाचवायचा का. आणि विचारणाऱ्यांचा स्वतःचा प्रश्न: रेप्लिकेशनच्या, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर चालती प्रत ठेवण्याच्या, इतक्या पद्धती दिसतात, त्यांतली आपल्याला कोणती?

बॅकअप बंद करू नका. पुण्याचा सर्व्हर घ्या, पण तो असिंक्रोनस ठेवा, म्हणजे इकडचं काम त्याच्या पोचेसाठी थांबणार नाही असा. त्याच्याही आधी लातूरमध्येच, दुसऱ्या इमारतीत, एक स्टँडबाय, म्हणजे प्रत ठेवणारा राखीव सर्व्हर, उभा करा. ताबा बदलणं, म्हणजे मुख्य सर्व्हर गेल्यावर राखीवाला मुख्य करणं, मशीनवर सोपवू नका, माणसाने करायचं. मल्टी-मास्टरचं नाव कोणी काढलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आता यामागची कारणं.

पद्धत निवडण्याआधी दोन आकडे मंडळाकडून लेखी घ्या. सर्व्हर जळाला तर शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी पुन्हा मारता येतील, हा पहिला. काउंटर किती वेळ बंद राहिले तर चालेल, हा दुसरा. विक्रेता यांना अनुक्रमे आरपीओ आणि आरटीओ म्हणेल. मंडळापुढे साध्या भाषेतच ठेवा. पहिल्याचं उत्तर पतसंस्थेत बरंच सुखावह असतं. काउंटरवरच्या प्रत्येक व्यवहाराची स्लिप असते, पिग्मी एजंटच्या मशीनमध्ये दिवसाचं कलेक्शन असतं. पाच मिनिटांच्या नोंदी गेल्या तर शाखांमधले क्लार्क व्हाउचर बघून त्या परत मारतील आणि संध्याकाळी किर्द जुळेल. अख्ख्या दुपारच्या गेल्या तर रात्र होईल, पण तेही जमण्यासारखं आहे. कागद नसलेल्या व्यवहारांचं तसं नाही. बँकेमार्फत गेलेली एनईएफटी, मोबाइल ॲपवरून केलेला वर्ग हे तुमच्याकडून पुसले गेले तरी समोरच्याकडे राहतात. असे व्यवहार तुमच्याकडे किती, त्यावर पहिला आकडा ठरवा. 'एकही एंट्री जाणार नाही' ही किंमत सगळ्यांनीच मोजायची गरज नसते.

आता पद्धती. सगळ्यांचं मूळ एकच आहे: डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या वहीत, लिहितो, मग मूळ फाइलींमध्ये. तो लॉग दुसऱ्या मशीनवर नेऊन तिथे पुन्हा चालवला की प्रत तयार होते. लॉग कसा न्यायचा आणि पोच कधी मानायची, एवढ्यावरून नावं बदलतात.

सगळ्यात जुनी आणि अजूनही धडधाकट पद्धत म्हणजे लॉगच्या फाइली पाठवणं. पोस्टग्रेसची लॉग फाइल मूळ मांडणीत, म्हणजे सेटिंग न बदलता, १६ एमबीची असते. भरली की पाठवायची, नाहीतर ठरावीक वेळाने अर्धवट असली तरी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये हेच, म्हणजे लॉग शिपिंग, लावलं तर ते मुळात दर १५ मिनिटांनी चालतं. लाइन दोन तास गेली तरी काही बिघडत नाही, फाइली साठतात आणि नंतर जातात. मराठवाड्यातल्या लाइनींचा स्वभाव बघता हा गुण फार मोलाचा आहे.

त्यानंतर स्ट्रीमिंग. पोस्टग्रेसमध्ये हे २०१० साली ९.० आवृत्तीत आलं: लॉगची फाइल भरायची वाट न बघता तो सतत वाहत राहतो, आणि पलीकडचा सर्व्हर वाचण्यासाठी खुलाही असतो. लाइन बरी असेल तर मागे राहणं एक-दोन सेकंदांचं. तुमच्या कामाचा कणा हाच. सोबत लॉगच्या फाइलींचं अर्काइव्ह, म्हणजे वेगळ्या जागी साठवण, चालू ठेवा. स्ट्रीम तुटून स्टँडबाय फार मागे पडला तर तो राहिलेल्या फाइली तिथून उचलतो.

याच्या दोन अटी कोटेशनमध्ये कधीच लिहिलेल्या नसतात. दोन्हीकडे पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच हवी. आणि ऑपरेटिंग सिस्टिमही सारखीच हवी. मजकुराचा क्रम, म्हणजे 'कदम' आधी की 'काळे' आधी, हे पोस्टग्रेस सहसा लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतो, आणि २०१८ साली आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. मुख्य सर्व्हर रेड हॅट ७ वर आणि पुण्याचा ८ वर असेल तर प्रत अक्षरशः तंतोतंत असते, पण इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने. खातेदार टेबलात असतो आणि नावाने शोधलं तर सापडत नाही. तो सर्व्हर मुख्य झाल्यावर एकच नाव दोनदा घेऊ नये ही अटसुद्धा ढिली पडते. विक्रेता जुन्या मशीनशेजारी नवं कोरं मशीन देतो तेव्हा हे हमखास होतं, आणि बाहेर येतं ते नेमक्या संकटाच्या दिवशी.

लॉजिकल रेप्लिकेशन वेगळ्या जातीचं: इथे डिस्कवरचे बदल जात नाहीत, 'अमुक ओळीची शिल्लक आता इतकी' असं जातं. पोस्टग्रेसमध्ये हे २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. आवृत्ती बदलताना किंवा मोजकी टेबलं अहवालासाठी वेगळीकडे न्यायला उत्तम. आपत्तीसाठी मात्र मी ते पतसंस्थेला सुचवत नाही. टेबलात नवा रकाना टाकला तर तो पलीकडे आपोआप जात नाही. आणि सिक्वेन्सचा, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा, चालू आकडा तुमच्या आजच्या आवृत्तीत तरी सोबत जात नाही. ताबा पुण्याकडे गेला की व्हाउचर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू व्हायला बघतील. ऑडिटरला काय सांगणार?

स्टोरेज पातळीवर डिस्कच दुसरीकडे उतरवणारी उत्पादनं असतात, व्हर्च्युअल मशीनची प्रत नेणारीही असतात. ती डेटाबेसच्या आतलं काही बघत नाहीत. इकडचा ब्लॉक खराब लिहिला गेला तर तिकडेही तसाच. डेटाबेसचं स्वतःचं रेप्लिकेशन फुकट मिळत असताना त्यावर पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. ओरॅकलवाल्यांचं गणित वेगळं, कारण त्यांचं रेप्लिकेशन, डेटा गार्ड, स्वस्तातल्या स्टँडर्ड एडिशनमध्ये येत नाही. पण तो तुमचा प्रश्न नाही.

मल्टी-मास्टर म्हणजे दोन्हीकडे लिहिता येणं. ऐकायला झकास: लाइन गेली तरी औसा शाखा आपल्या सर्व्हरवर चालू, निलंगा आपल्या. आता विचार करा, खात्यात १०,००० रुपये आहेत, लाइन तुटली आहे, नवऱ्याने औशात ८,००० काढले आणि बायकोने निलंग्यात ८,०००. लाइन आली की सॉफ्टवेअर दोन नोंदींपैकी एक निवडेल, किंवा दोन्ही घेऊन शिल्लक उणे करेल. पैसे दोन्हीकडून गेलेले आहेतच. हा पेच कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी सोडवत नाही. गॅलेरासारखी क्लस्टर पद्धत, म्हणजे अनेक सर्व्हर बहुमताने चालवणारी, तो टाळते, पण कशी? लाइन तुटून अल्पमतात पडलेल्या बाजूचं काम बंद करून. म्हणजे ज्यासाठी मल्टी-मास्टर घ्यायचं तेच मिळत नाही.

विक्रेत्याच्या 'रिअल टाइम सिंक'वर जरा थांबतो, कारण मंडळाला तोच शब्द आवडलेला असणार. सिंक्रोनस म्हणजे पलीकडची पोच आल्याशिवाय इकडचा कमिट, म्हणजे व्यवहार पक्का होणं, पूर्ण होत नाही. पोचही तीन पातळ्यांची असते: लॉग पोचला, लॉग डिस्कवर पक्का झाला, किंवा लॉग चालवून प्रत अद्ययावत झाली. अंतराचा हिशेब करून बघू. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. लातूर-पुणे जाऊन-येऊन ७०० किलोमीटर धरले तर साडेतीन मिलिसेकंद निव्वळ अंतराचे. फायबर काही सरळ जात नाही आणि मध्ये उपकरणं असतात, म्हणून १० ते २० धरा. काउंटरवर हे कुणाला जाणवणार नाही. पण व्याज टाकणारा प्रोग्राम प्रत्येक खात्यामागे वेगळा कमिट करत असेल आणि खाती ५०,००० असतील, तर २० मिलिसेकंदांच्या हिशेबाने १,००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ मिनिटं, फक्त पोचेची वाट बघण्यात जातात. त्यालाही उपाय आहे: पोस्टग्रेसमध्ये ही पातळी व्यवहारागणिक बदलता येते, तेव्हा व्याजाच्या कामापुरती ती उतरवायची.

खरी अडचण वेगाची नाहीच. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की पुण्याची पोच येणं थांबतं, आणि लातूरचा सर्व्हर ठणठणीत असूनही १४ शाखांचे काउंटर थांबतात. उपलब्धता वाढवायला घेतलेल्या मशीनने ती कमी केली. त्यात एक खाच आणखी आहे: अडकलेला व्यवहार कुणी रद्द केला तर पोस्टग्रेस फक्त वाट बघणं सोडतो, नोंद स्थानिक डिस्कवर आधीच झालेली असते. क्लार्कला वाटतं एंट्री गेलीच नाही, तो पुन्हा मारतो, आणि संध्याकाळी किर्दीत ती दोनदा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं सेमी-सिंक उलट वागतं: पोच यायला १० सेकंदांहून जास्त लागले की, मूळ मांडणीत, मुकाट्याने असिंक्रोनस होतं. काम थांबत नाही, पण 'एकही एंट्री जाणार नाही' हे वचन त्या क्षणी संपतं आणि कुणी लॉग बघत नसेल तर कळतही नाही.

सिंक्रोनस हवंच असेल तर दोन स्टँडबाय झाल्यावर लावा, आणि 'दोघांपैकी कोणाही एकाची पोच पुरे' असं लावा. पोस्टग्रेस १० पासून ही सोय आहे. मग शहरातला स्टँडबाय पटकन पोच देतो, पुण्याची लाइन गेली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

हा शहरातला स्टँडबाय तुमच्याच एखाद्या शाखेत ठेवता येईल. बघायचं एवढंच की ती इमारत महावितरणच्या वेगळ्या फीडरवर आहे, इंटरनेट वेगळ्या कंपनीचं आहे, आणि खोली तळमजल्यावर नाही. वर्षभरात तुम्हाला ज्या अडचणी येतील त्यांतल्या बहुतेक इथेच निभावतील: पॉवर सप्लाय जळणं, डिस्क जाणं, यूपीएसच्या बॅटऱ्या ऐन वेळी बसणं. शेवटची तर आपल्याकडे उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट.

लांबचा सर्व्हर वेगळ्या संकटासाठी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोजला जात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्यात गेला. आणि भूकंपच कशाला, सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेड एकाच वेळी पाण्यात होते. त्यामुळे लातूरचा डीआर, म्हणजे आपत्तीसाठीचा लांबचा सर्व्हर, धाराशिवला किंवा नांदेडला ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही; एकाच पावसात दोन्ही सापडतात. पुणे चालेल. हैदराबादही चालेल, लातूरहून ते लांब नाही. क्लाउड घ्यायचा तर ॲमेझॉनचे विभाग मुंबई आणि हैदराबाद इथे आहेत, मायक्रोसॉफ्टचा पुण्यात. आपली माणसं कुठे पोचू शकतात यावर ठरवा, आणि नियामकाने डेटा कुठे ठेवावा याबद्दल काही अट घातली असेल तर आधी ती बघा.

लाइन किती हवी? १० एमबीपीएसची लाइन म्हणजे तासाला कागदावर साडेचार जीबी. रोजच्या कामाला ती उरून पुरते. पण ३१ मार्चच्या रात्री व्याज टाकताना २० जीबी लॉग तयार झाला तर तो पुण्याला पोचायला साडेचार तास, आणि तेवढा वेळ पुणे मागे. ऐन वर्षअखेरीला तुमचा पहिला आकडा पाळला जात नाही, हे मंडळाला आधी सांगून ठेवा. मागच्या मार्चमध्ये किती लॉग झाला होता ते अर्काइव्हवरून मोजता येतं. अर्काइव्ह नसेल तर आजपासून सुरू करा.

मागे राहण्याचं मोजमापही फसवं असतं. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक जण 'शेवटचा व्यवहार किती वेळापूर्वी लागू झाला' हे बघतात. रात्री व्यवहारच नसतात, त्यामुळे हा आकडा वाढत जातो, रात्री दोनला फोन वाजतो, आणि आठवडाभरात कुणीतरी अलार्म बंद करून टाकतं. बाइट्समधला फरक मोजा, किंवा एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळ लिहा आणि ती पलीकडे वाचा. मायएसक्यूएलचा 'किती सेकंद मागे' हा आकडाही असाच, लाइन रडत असताना शून्य दाखवू शकतो. तिथेही हेच टेबल कामाला येतं.

रेप्लिकेशन स्लॉटचं वेगळं सांगतो, कारण यात चालू सर्व्हर बंद पडतो. स्लॉट म्हणजे 'पुण्याने घेतल्याशिवाय लॉग पुसायचा नाही' ही हमी. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं मशीन चार दिवस बंद राहिलं की लातूरच्या डिस्कवर लॉग साठत जातो, डिस्क भरते आणि मुख्य डेटाबेस थांबतो. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटने किती जागा खावी याला मर्यादा घालता येते. ती मूळ मांडणीत अमर्याद आहे. घाला. मर्यादा ओलांडली तर स्लॉट रद्द होईल आणि स्टँडबायला अर्काइव्हमधून सावरावं लागेल, ते परवडलं.

ऑडिटरचे मोठे अहवाल स्टँडबायवर चालवायला हरकत नाही. फक्त लांब चालणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेली माहिती, मध्येच रद्द झाली तर घाबरू नका; लॉग लागू करण्याच्या आड येणाऱ्या क्वेरीला स्टँडबाय मूळ मांडणीत ३० सेकंद थांबतो, मग तोडतो.

आता सगळ्यात अवघड भाग. प्रत करणं ही आज दोन दिवसांची कामगिरी आहे. प्रत मुख्य करायची की नाही, हे कोण आणि कधी ठरवणार, यावर संस्था अडकतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. आपोआप ताबा बदलणाऱ्या यंत्रणेने तेवढ्यात मायएसक्यूएलचं मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अशा झाल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी पडू लागल्या. दोन्ही प्रती आता वेगळ्या. सगळं मार्गी लागायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यांच्याकडे माणसं किती आणि तुमच्याकडे किती, याचा विचार करा.

याच्या उलट टोकाचं उदाहरण घरचं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. दूरसंचार लाइनींच्या बिघाडातून स्टोरेज अडकलं होतं. डीआर साइट होती, पण बाजार तिकडे हलला नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारांना नियम घातला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करा. म्हणजे निर्णयाला घड्याळ लावलं. तुम्हीही लावा. 'सर्व्हरपर्यंत २० मिनिटं पोचता आलं नाही आणि इमारतीत गेलेल्या माणसाने फोनवर खात्री केली, तर अमुक अधिकारी किंवा ते नसतील तर तमुक, शहरातला स्टँडबाय मुख्य करायला सांगतील.' पुण्याला जायची अट याहून कडक ठेवा. हे मंडळाच्या ठरावात असू द्या. नाहीतर सकाळी साडेदहाला दारात रांग असते, संगणक विभागातला पोरगा म्हणतो 'करू का?', आणि कोणी हो म्हणत नाही.

आपोआप ताबा बदलायला मत देणारे किमान तीन हवेत. दोनच मशीन असतील तर समोरचं मेलं की मधली लाइन मेली, हे कोणालाच कळू शकत नाही. दोघंही स्वतःला मुख्य समजतात. पॅट्रोनीसारखं, पोस्टग्रेसचा ताबा आपोआप बदलणारं, साधन हे मत एटसीडी या छोट्या मतनोंद सेवेच्या तीन प्रतींमधून घेतं. त्या तीनही एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचवर ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्या संस्थेत डेटाबेस बघणारा एकच माणूस आहे, तिथे माझं मत हाताने ताबा बदलण्याच्या बाजूने.

हाताने बदलतानाही पहिलं पाऊल जुना मुख्य मारणं. बंद पडलाय असं वाटतं म्हणून नाही, वायर काढून. वीज परत आल्यावर तो आपोआप उठतो, दोन शाखांच्या मशीनमध्ये जुना पत्ता राहिलेला असतो, आणि त्या शाखा दिवसभर जुन्यात लिहितात. दोन खतावण्या तयार होतात आणि त्या एक करायला जादू नसते. म्हणून डेटाबेस सेवा मशीन सुरू होताच आपोआप चालू होणार नाही अशी ठेवा. शाखांच्या कनेक्शनमध्ये सगळे पत्ते द्या आणि 'जिथे लिहिता येतं तिथेच जोड' असं सांगा. पोस्टग्रेसच्या क्लायंटला हे २०१७ पासून कळतं. जुना मुख्य नंतर स्टँडबाय म्हणून परत घ्यायला पीजी-रिवाइंड हे साधन आहे. मात्र त्यासाठी चेकसम किंवा लॉग हिंट्सची सेटिंग घटनेच्या आधी चालू असावी लागते. नंतर लावून उपयोग नाही.

मंडळाच्या बॅकअपच्या प्रश्नाकडे येतो. रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत, हा आरसा आहे. इकडे अर्धी मिशी उडाली की तिकडचीही उडाली. कुणी अट न लिहिता अपडेट चालवला आणि सगळ्या बचत खात्यांची शिल्लक शून्य झाली, तर दोन सेकंदांत पुण्यातही शून्य. रॅन्समवेअर आलं आणि दोन्हीकडे पासवर्ड एकच असेल, तर आधी मुख्य, मग स्टँडबाय.

यावर एक मधला उपाय मुद्दाम उशिरा चालणारा स्टँडबाय. लॉग लगेच येतो पण चार तासांनी लागू होतो, पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून एका ओळीची सेटिंग आहे. चूक चार तासांत लक्षात आली तर तो थांबवायचा, चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत न्यायचा आणि तेवढी टेबलं उचलायची. सगळ्या मशीनांची घड्याळं जुळलेली असू द्या. पण डे-एंडनंतर झालेली चूक सकाळी कळली तर चार तास केव्हाच उलटलेले असतात. तिथे पूर्ण बॅकअप अधिक लॉगचं अर्काइव्ह हेच कामाचं. डम्प फक्त रात्रीच्या क्षणावर नेतो. फाइलींचा बॅकअप आणि लॉग असतील तर दुपारी २.१७ च्या आदल्या सेकंदावर नेता येतं. पीजीबॅकरेस्टसारखी मोफत साधनं हे नीट करतात. बॅकअपच्या मशीनने मुख्यावरून ओढून घ्यायचं; मुख्याला तिथलं पुसता येता कामा नये. आठवड्यातून एक प्रत डिस्कवर घेऊन तिजोरीत ठेवा. स्ट्राँगरूम असणारी किती कार्यालयं असतात? तुमच्याकडे आहे, वापरा.

आणि बॅकअप आहे म्हणजे काय, यासाठी गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबचं उदाहरण बघा. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांचा स्टँडबाय मागे पडला होता. तो सावरताना अभियंत्याने चुकीच्या मशीनवर, म्हणजे मुख्यावर, डेटाची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी गेले. डम्प बघायला गेले तर ते तयारच होत नव्हते, कारण डम्पचं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. अपयशाची ईमेल जात होती, पण ती मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं. त्या कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

तेव्हा दर आठवड्याला स्क्रिप्टने बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवा आणि त्यावर तेरीज काढा. मुख्यावरच्या त्याच तारखेच्या तेरजेशी ती पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळली की संदेश, न जुळली तरी संदेश; आणि संदेशच आला नाही तर ती अडचण समजायची.

डीआरचा सरावही पुण्यातून एक क्वेरी चालवून होत नाही. एक पूर्ण दिवस शाखा तिथून चालवून बघा. डेटाबेस ठीक असतो, अडतं भलतंच. एसएमएस पुरवणाऱ्याकडे आणि तुमच्या बँकेकडे लातूरचाच आयपी नोंदलेला असतो, पुण्याचा नाकारला जातो. सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला बांधलेला असतो. पासबुक प्रिंटरचं सेटिंग जुन्या सर्व्हरच्या नावाने असतं. पिग्मीची फाइल ज्या फोल्डरमध्ये पडते तो पुण्यात नसतोच. आणि सकाळी सातला हप्त्याची आठवण पाठवणारं काम दोन्ही सर्व्हरवर चालू असेल तर सभासदाला दोनदा संदेश जातो. त्या दिवशी तुमचा फोन ठेवायला जागा राहत नाही. ही यादी दर सरावाला वाढवत न्या आणि कागदावर छापून दोन्ही इमारतींत ठेवा, कारण सर्व्हर गेल्यावर सर्व्हरवरची फाइल उघडत नाही.

क्रम असा धरा: या आठवड्यात डम्प त्या खोलीबाहेर काढा आणि लॉगचं अर्काइव्ह सुरू करा, याला फारसा खर्च नाही. मग शहरातला स्टँडबाय, मग मंडळाचा ठराव, मग पुणे. विक्रेत्याला कोटेशनमध्ये 'रिअल टाइम' खोडून सेकंदांचा आकडा लिहायला लावा, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती लिहायला लावा, आणि वर्षातून दोन सराव त्याच पैशात मागा. पहिला सराव मार्चमध्ये घेऊ नका. एप्रिलमधला एखादा रविवार बघा, ऑडिट सुरू व्हायच्या आधीचा.